नानांचा टीबी, ताईचं इंजेक्शन

इंदूरच्या सरवटे बस स्टँडवर पुण्याची बस सुटायच्या बेतात होती आणि माझे वडील, नाना, खोकत होते. मिल बंद पडून वर्ष होत आलं होतं. माझी पेटी उचलायला ते पुढे झाले, तर ताईनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "राहू द्या नाना, मी आहे ना." मग नाना खिडकीशी आले आणि म्हणाले, "तू पढाई कर. इथलं आम्ही देख लेंगे." बस हलली तेव्हा त्यांनी रुमालात तोंड खुपसलं होतं आणि ताई त्यांची पाठ चोळत होती. सगळ्या मुली अशा वेळी रडतात म्हणे. मला संताप आला होता, आणि तो आजही गेलेला नाही.

तुम्ही जे इंदूरलाच राहिलात, त्यांना हे आठवत असेल. टीव्हीवर रोज कुणीतरी सांगायचं की देश खुला झाला. आमच्या परदेशीपुऱ्यात मात्र मिलांची फाटकं बंद होत होती. मिलला कुलूप लागलं, त्याच्या मागोमाग मिलच्या दवाखान्यालाही लागलं. घराघरातली दुधाची पातेली लहान झाली. नाना आयुष्यभर सुताच्या खात्यात, कापसाच्या धुळीत राबलेले, त्यामुळे त्यांच्या खोकल्याला सगळे म्हणायचे, "रुई की खाँसी है, जाती नहीं." गल्लीतल्या डॉक्टरनंही तेच म्हणून औषधाच्या बाटल्या दिल्या. थुंकी तपासायचं कुणाला सुचलं, तोवर टीबीनं दोन्ही फुप्फुसं पोखरली होती. मी पुण्यात मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाला असताना ते गेले. शेवटचे महिने ताईनंच काढले, त्याच एका खोलीत, त्यांच्या उशाशी बसून.

मी पुढे हॅम्बुर्गला गेले आणि तिथल्या एका लॅबमध्ये टीबीवरच काम करू लागले. तिथं मला समजलं की जंतू छातीत शिरला म्हणजे माणूस आजारी पडतोच असं नाही. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, तेही रेणूंच्या रूपात. एकीनं रेणू सोडला की दुसऱ्या धावत येतात, जंतूभोवती कडं करतात आणि त्याला कोंडून ठेवतात. जंतू असा कोंडलेला असला की माणूस जन्मभर धडधाकट राहू शकतो. त्या निरोप्यांत टीएनएफ नावाचा एक मोठा कामाचा आहे. तो गेला की कडं ढासळतं. आणि तोच बेसुमार वाढला की अंगावरचं मांस झडू लागतं. नानांच्या मनगटातून घड्याळ का निसटायचं, हे मला मायक्रोस्कोपपाशी बसून कळलं. उपाशी शरीरात हे निरोप नीट पोचत नाहीत, हेही कळलं. सेमिनारमध्ये रोग्याच्या शरीराच्या अशा अवस्थेला 'होस्ट फॅक्टर' म्हणतात. पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा उठून ओरडावंसं वाटलं, की अरे, तो फॅक्टर म्हणजे माझा बाप होता, आणि त्याची मिल बंद केली होती! पण मी ओरडले नाही. पडद्यावरची स्लाइड बदलली.

बऱ्याच वर्षांनी ताईचा फोन आला. तिला संधिवात झाला होता, बोटं वाकडी होऊ लागली होती. आवाजात खुशी होती. "अगं मंजू, नवीन इंजेक्शन लावलंय. सूजन एकदम गायब! बस, शामला थोडा बुखार येतो, आणि भूक नाही." मी इंजेक्शनचं नाव वाचायला लावलं. तिनं एकेक अक्षर वाचलं. ते औषध टीएनएफलाच अडवतं. सांध्यांची सूज त्यानं उतरते हे खरं. पण नानांच्या उशाशी बसताना जो जंतू ताईच्या छातीत शिरला असणार, त्याच्याभोवतीचं कडंही त्यानंच सुटतं. म्हणून ते देण्याआधी टीबीची तपासणी करायचीच असते. त्या औषधाच्या माहितीपत्रकात तसं छापलेलं असतं.

"ताई, टीबीची टेस्ट केली होती का?"

"कायकी टेस्ट? डॉक्टरनी तर काही नाही बोललं."

मी इंदूरला पोचले तेव्हा ताईच्या फुप्फुसाभोवती पाणी भरलं होतं आणि तपासणीत टीबी निघाला होता. तिला सरकारी दवाखान्यात भरती करून मी ते इंजेक्शन देणाऱ्या क्लिनिकमध्ये गेले. काचेची दारं, थंडगार एसी. डॉक्टर माझं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाले, "मॅडम, यहाँ तो हर दूसरे आदमी की टेस्ट पॉझिटिव्ह आएगी. फिर इलाज किसका करें?"

"ज्यांची येते त्यांचा!" मी टेबलावर हात आपटला. "पहिले टीबीची गोळी, मग हे इंजेक्शन. एवढं तुम्हाला शिकवलं नाही? माझ्या बापाला रुईची खाँसी म्हणून मारलं, आता बहिणीला बिना टेस्टचं मारता?"

बाहेरचे पेशंट माना वळवून बघत होते. डॉक्टरांनी घंटी वाजवली.

इंजेक्शन बंद झालं, टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि कित्येक महिन्यांनी ताई उठली. बोटं पुन्हा वाकडी झाली, ती तशीच राहिली. मी त्यानंतर दर वर्षी इंदूरला येते. मागच्या खेपेला सकाळी ती घरात नव्हती. शेजारीण म्हणाली, "त्या इंजेक्शनवाल्या क्लिनिकमध्ये गेली असेल, हर सोमवारला जाते."

मी धावतच गेले. ताई तिथं वेटिंगच्या बाकावर, एका तरुण बाईशेजारी बसली होती. आपली वाकडी बोटं तिच्या हातावर ठेवून सांगत होती, "बेटा, सुई लगवाने से पहले छाती का फोटू और टीबी का टेस्ट माँगना. नहीं बोलें तो उठना मत." रिसेप्शनवरची मुलगी वैतागून म्हणाली, "आंटीजी, रोज-रोज का हो गया आपका. बाहर बैठो ना." ताई हलली नाही.

तुम्ही जे माझ्यासारखे निघून गेलात, तुम्हालाही लोक विचारत असतील, की तुमचं घर कुठलं? हॅम्बुर्गमध्ये मी भाडं भरते, झाडांना पाणी घालते, सगळ्यांशी गोड बोलते. तिथं मी कधी कुणावर आवाज चढवलेला नाही. आपलं नसेल तिथं कशाला चढवायचा?

ताईनं मला पाहिलं आणि बाकावर सरकून जागा केली. "बस. त्या कोपऱ्यातल्या भियाला अजून नाही सांगितलं," ती म्हणाली. "तू सांग, तुला नीट येतं."

मी कोपऱ्यात जाऊन त्या भाऊंच्या शेजारी बसले.