दामूकाकांनी सोडलेली दोरी

अन्याय दामूकाकांवर झाला. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दुपारी, आमच्या गावच्या पुळणीवर. नव्या रिसॉर्टची माणसं भरतीच्या रेषेला लागून काटेरी तार ठोकत होती. माझे हे चुलते छातीचं दुखणं घेऊन एवढंच सांगायला गेले, की कासवं अंडी घालायला जिथून वर चढतात तेवढी वाट मोकळी ठेवा. मुकादम म्हणाला, ‘‘आजोबा, कासवांना सांगा गेटवरनं यायला.’’ सगळे हसले. काका वळले आणि घरी आले. नवरात्रात ते गेले. तारेने मारलं असं मी म्हणणार नाही, हृदय आधीच थकलेलं होतं. पण हसलेल्यांना माहीत नव्हतं ते कोणाला हसताहेत. मला माहीत आहे, कारण मी पाहिलंय...

आम्ही कोळी. काकांची नोकरी मात्र झांबियात, नदीकाठच्या जंगलातल्या सफारी कॅम्पवर जीप आणि जनरेटर दुरुस्त करायची. बारावीनंतरच्या सुट्टीत त्यांनी मला बोलावून घेतलं. मी काहीतरी भपकेदार मनात धरून गेले होते. होते फक्त कॅनव्हासचे तंबू, गवताने शाकारलेलं स्वयंपाकघर आणि अंघोळीला झाडाला टांगलेली, बुडाला भोकं पाडलेली बादली. डोक्यावर आभाळ, समोर नदीत पाणघोडे फुरफुरताहेत, आणि मी साबण लावतेय. कुंपण कुठेच नाही. विचारलं, तर काका म्हणाले, ‘‘घालायचंच तर आपल्याभोवती घालावं लागंल, बाय. त्ये कुठं आपल्या घरात आलेत?’’

आईने त्यांच्यासाठी सुके बोंबील दिले होते, त्यांना प्रवासात ओल लागली. आमच्याकडची मुलगी अशा वेळी दुसरं काही सुचायच्या आत दोरी शोधते. मी दोन झाडं बघून दोरी ताणली, जबड्यात जबडा अडकवून बोंबील टांगले आणि स्वतःवर खूश झाले. त्या दोन झाडांमधून हत्तींची नदीवर जायची वाट होती, हे मला कुठे ठाऊक? ऊन कलताना ते आले. एवढाली जनावरं, पण वाळलं पान वाजलं नाही. पुढची म्हातारी हत्तीण दोरीपाशी थांबली. मागे अख्खा कळप थांबला, पायांत पिल्लं. एका झटक्यात तिने दोरी तोडली असती. तिने सोंड उचलून एक बोंबील हुंगला... आणि तशीच उभी राहिली.

काका ग्रीसच्या हातांनी जीपखालून निघाले, झाडाच्या आडाने हळू आले. मी मारलेली गाठ आमच्या होडीचीच, एका ओढीत सुटणारी. त्यांनी ओढली. दोरी मातीत पडली. हत्तिणीने ती ओलांडली, मग एकेक करून सगळे गेले, शेवटचं पिल्लूही. एवढं मोठं काही माझ्या इतक्या जवळून, मला काही न करता, कधीच गेलं नव्हतं.

काकांनी बोंबील झटकत म्हटलं, आईला सांग, हत्तीला तुझे बोंबील आवडले न्हाईत. मग दोरी गुंडाळता गुंडाळता हळूच म्हणाले, ‘‘वाट तिची, तरी ती थांबली. आपण थांबलो असतो?’’

नोकरी संपवून ते गावी आले तेव्हा ती दोरी सोबत होती. दर हिवाळ्यात दिवस मावळायच्या आत ते पुळणीवर चक्कर मारायचे. कोणाचं जाळं, कोणाचा दोरखंड वाळूत पसरलेला दिसला की गुंडाळून कडेला ठेवायचे. लोक चेष्टा करायचे, कासवांचे हवालदार आले म्हणायचे. काकाही हसायचे आणि पुढचं जाळं उचलायचे.

दोरी आजही त्यांच्या पडवीतल्या खुंटीला आहे, त्यांनीच घातलेल्या वेटोळ्यात. तारही आहे, जिथल्या तिथे. थंडी पडली की कासवं येतील आणि त्या तारेशी थांबतील. तिथे गाठ सोडायला आता काका नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगते, शनिवार-रविवारी आमच्या किनाऱ्यावर येणाऱ्या तुम्हाला. खोली घेण्याआधी पुळणीपर्यंत चालत जा. तार दिसली तर मालकाला बाहेर बोलवा आणि त्याच्या तोंडावर सांगा, आधी ही काढ, मग राहतो. नाही काढली, तर बॅग उचला आणि निघा.