उजव्या कानात आलेला आवाज

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आपल्याला सगळं ठाऊक आहे असं तिला वाटतं — कानाचं मशीन, त्याची वायर, माझी चिडचिड. पण बापूचं? ते नाही. तुमच्यापाशीच पहिल्यांदा बोलतोय.

तिशीत मला गालगुंड झालं आणि डावा कान गेला. पुरता. उजवा शाबूत होता, म्हणून लोकांना मी बहिरा वाटत नसे. पण एका कानाचा माणूस संशयी होतो — होतोच. डावीकडं कोणी हसलं की वाटायचं, मलाच हसले. शिरोलीच्या एका फौंड्रीत मी सुपरवायझर होतो. बापू तिथं मोल्डर, वाळूचे साचे करणारा, उचगावचा, माझ्याबरोबरच कामाला लागलेला. कान गेल्यापासून तो कायम माझ्या उजव्या बाजूला बसायचा. मी कधी सांगितलं नव्हतं.

दोन हजार सालानंतर मी मशीन घेतलं. डाव्या कानामागं माइक, मानेमागून वायर, आवाज उजव्या कानात. बसवणाऱ्या बाईंनी समजावलं होतं — डावीकडचं बोलणंही आता उजव्या कानातच येणार, सवय व्हायला वेळ लागेल. मी मान हलवली. अर्धवट ऐकून मान हलवायची सवयच होती मला.

कारखान्यात मी कुणाला सांगितलं नाही. केस वाढवले, कॉलर ताठ ठेवली. का? लाज? तीही होती. पण खरं सांगू — लोक माझ्यामागं काय बोलतात ते मला चोरून ऐकायचं होतं.

आणि ऐकलं. जेवणाच्या सुट्टीत बाकावर आम्ही तिघं — उजवीकडं बापू, डावीकडं नवा आलेला दिलीप, मध्ये मी, डब्यात मान घालून. उजव्या कानात शब्द आले, "ह्या बहिऱ्याला भट्टीजवळ उभा करत्यात. एक दिस कुणाचा तरी जीव घेणार ह्यो." आवाज पत्र्यातून आल्यासारखा, बारीक. वीस वर्षांच्या ओळखीचा आवाज असा असतो? मी विचारलं नाही स्वतःला. बापू ताडकन उठून निघून गेला. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं, बापू कामावर पिऊन येतो. भट्टीच्या कामाला असला माणूस कोण ठेवील? त्याच दिवशी काढला. त्यानं थेंबालाही कधी हात लावला नव्हता. फाटकापाशी तो माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, "तू सांगितलंस व्हय रं? खरं सांग की." स्वच्छ ऐकू आलं मला. मी ऐकूच आलं नाही असं केलं. समोर बघत राहिलो — तो जाईपर्यंत.

आठवड्याभरानं घरी जेवताना कोणीतरी म्हणालं, "आमटी खारट झालीया." मी उजवीकडं बसलेल्या मुलीवर ओरडलो. ती रडवेली झाली. "मी कुठं बोलले, बाबा? आई बोलली की." बायको डावीकडं बसली होती.

बाकावरचं ते बोलणं कुणाचं होतं, ते तेव्हा कळलं. बापू का उठून गेला असेल, तेही. दिलीपचं ते बोलणं त्याला सोसलं नसणार.

उचगाव किती लांब? सायकलवर अर्धा तास. मी गेलो नाही. मालकांकडं जाऊन खरं सांगता आलं असतं. तेही नाही. बापू कुरुंदवाडला सासऱ्याच्या शेतावर राबतो, असं कानावर आलं. मशीनची मात्र चांगली सवय झाली. कोण कुठून बोलतंय ते आवाजाच्या जातीवरून ओळखू लागलो.

इथवरचं एक वेळ घाईत झालं म्हणता येईल. पुढचं नाही.

दोन वर्षांनी मोठी ऑर्डर आली. हाताखाली चांगला मोल्डर नव्हता. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "बापूला परत आणूया काय? सुधारला असंल आता. तुमचं काय म्हणणं?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नको मालक. अजून पितोय त्यो."