कॅप्टनसाहेबांच्या हेडफोनमधली गुणगुण

धुळ्याबाहेरच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकवणारी एक छोटी शाळा आहे. तिथे मी रेडिओची कामं करते. विमानं चार माणसांची, आणि आत इंजिनाचा आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायलाही हेडफोन आणि माईक लागतो. या बोलण्या-ऐकण्याच्या सगळ्या तारा माझ्याकडे. जळगावला आई शेजारणींना सांगते की पोरगी विमानात गाणी लावते. मी दोनदा समजावलं, मग सोडून दिलं.

एका सोमवारी तक्रारवहीत नोंद आली: ‘हेडफोनमध्ये गुणगुण. विशेषतः उतरताना.’ अक्षर कॅप्टनसाहेबांचं. ते आमचे मुख्य शिक्षक. साठी ओलांडलेले, ताठ, बुटांना रोज पॉलिश करणारे. त्यांनी लिहिलंय म्हणजे गुणगुण असणारच.

मी विचारलं, “साहेब, आवाज नेमका कसा येतो?”

त्यांनी ओठ मिटून “म्ंऽऽऽ” केलं. नक्कल इतकी बारकाईची होती की मी ती मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतली.

इंजिनाची कामं बघणारे नाना शेजारीच उभे होते. पंचवीस वर्षं मशीनमध्ये हात घातलेला माणूस. ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, “भुंगा शे.”

नानांनी जमिनीवरच इंजिन चालू केलं आणि मी हेडफोन लावून बसले. खरंच एक बारीक ‘कुंईं’ येत होती. इंजिनाचा वेग वाढवला की ती चढायची, कमी केला की उतरायची. ऑल्टरनेटर बंद करताच गेली. म्हणजे वीज तयार होतानाचा कचरा कुठूनतरी हेडफोनच्या तारेत शिरत होता. दोन दिवस मी पाय सीटवर आणि डोकं पॅनेलखाली अशा अवस्थेत काढले. कुणी आलं तर त्याने माझ्या चपलांशी बोलायचं. शेवटी सापडलं. हेडफोनची पिन जिथे घुसते त्या सॉकेटखालचा वॉशर गळून पडला होता आणि सॉकेट विमानाच्या पत्र्याला टेकत होतं. नवा वॉशर बसवला, कुंईं बंद. वहीत ‘दोष दूर केला’ लिहून मी खाली रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी त्या रेघेखाली नोंद होती: ‘कुंईं गेली, आभार. गुणगुण आहे.’

मग मी पंखावरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या तारा तपासल्या, अर्थिंग घासून चकचकीत केलं, हेडफोन बदलला. गुणगुण आहेच. आठवड्याच्या शेवटी साहेबांनी दुसऱ्या विमानाच्या वहीतही तीच तक्रार लिहिली.

नानांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या. “दुसऱ्या इमानलेबी लागनं? साथ शे का काय ही?”

जमिनीवर तो आवाज येत नव्हता, म्हणून वर जाणं भाग होतं. या नोकरीत मला दोन वर्षं झाली होती आणि मी एकदाही उडाले नव्हते. ही गोष्ट मी आईपासूनही लपवली होती. उलटी नको म्हणून सकाळचे पोहे टाळून मी मागच्या सीटवर बसले. पुढे डावीकडे मुक्ताईनगरची एक विद्यार्थिनी, उजवीकडे कॅप्टनसाहेब. हेडफोनच्या तारेला मी रेकॉर्डर जोडला होता. सोनगीरचा किल्ला खालून सरकला तेव्हा मी डोळे मिटून ‘तपासणी’ करत होते.

परत फिरून धावपट्टी समोर आली, मुलीने वेग कमी केला, आणि सुरू झालं. म्ंऽऽऽ. साहेबांनी विजयी चेहऱ्याने मागे वळून कानाकडे बोट दाखवलं. आवाज थांबला. त्यांनी पुढे पाहिलं. म्ंऽऽऽ. त्यांच्या परवानगीने मी एकेक बटण बंद करायला लावलं. काही फरक नाही. मुलगी नाकासमोर बघत विमान उतरवत होती, पण तिचे खांदे हलत होते.

खाली आल्यावर मी तिला बाजूला घेतलं. ती म्हणाली, “ताई, साहेबच गुणगुणतात. आम्हाला सगळ्यांना माहितीये.”

“मग सांगितलं का नाही?”

“तक्रार त्यांनीच लिहिलेली. आणि आमची परीक्षाही तेच घेतात.”

मी दोन्ही रेकॉर्डिंग लावून पाहिली, नक्कल आणि विमानातली. एकाच गळ्यातली. माणसाचा आवाज आला की आमचा माईक आपोआप चालू होतो. साहेबांचं गुणगुणणं त्यांच्याच कानात जात होतं आणि इंजिनाच्या घरघरीत ते त्यांना यंत्राचं वाटत होतं.

सांगायचं कुणी? नाना म्हणाले, “मी सांगस.” आम्ही साहेबांच्या खोलीत गेलो. नाना म्हणाले, “साहेब, पोरगीले काही सांगनं शे,” आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मी म्हटलं, “साहेब, आवाज वायरिंगमध्ये नाही. माईकच्या अलीकडे आहे.”

“अलीकडे काय असतं?”

“ओठ, साहेब.”

मग मी दोन्ही रेकॉर्डिंग ऐकवली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितली. टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, “बायको तीस वर्षं म्हणतेय, तुम्ही जेवताना गुणगुणता. मी म्हणतो, फ्रिजचा आवाज आहे. दोन फ्रिज बदलले आम्ही.”

नाना खोकत बाहेर गेले.

पुढचे चार दिवस साहेब ओठ घट्ट मिटून शिकवत होते. ते चार दिवस वाईट गेले. एकदा स्वतः उतरवताना त्यांनी विमान तीनदा उसळवलं, तेव्हा हँगरमधल्या सगळ्यांनी हातातली कामं थांबवली. मुक्ताईनगरच्या मुलीने मला सांगितलं की गुणगुण नसली की आपलं काही चुकतंय असं वाटतं.

पाचव्या दिवशी ती धीर करून त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, “सर, आम्हाला सवय आहे.” संध्याकाळी दोन्ही वह्यांत त्यांच्याच सुरेख अक्षरात नोंद होती: ‘गुणगुण तपासली. उड्डाणास अडथळा नाही.’ खाली सही, आणि माझ्या सहीसाठी जागा.