एका हाकेला ओ

सुभद्राबाईंनी भूत पाळलंय, असं आमच्या बेटावर सगळे म्हणत. दिवेलागणीला जुन्या घाटावर बसतात, रिकाम्या तापीकडे बघून "ओ" देतात आणि पाण्यातून कुणीतरी उलट बोलतं म्हणे.

उलट बोलण्याचं खोटं. ओ देतात, एवढं खरं.

त्या नवऱ्याचं बोट धरून धुळ्याकडून आल्या तेव्हा बेट सुरतेत नव्हतं. पूल नव्हता. पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या मिलांतून परतणारे पलीकडून हाक मारत आणि घरचं माणूस नाव वल्हवत त्यांना आणायला जाई. पण तिन्हीसांजेला एका हाकेला ओ द्यायची नाही, हा बायकांचा कडक नियम. भूत एकदाच हाक मारतं, माणूस तीनदा.

एका भाद्रपदात त्यांच्या एकुलत्या सुपडूनं पलीकडून हाक मारली, "माय वं!" बाई चुलीपुढून उठल्या आणि उंबऱ्यात थांबल्या, दुसऱ्या हाकेसाठी. ती आली नाही. पोरगा कंटाळून पोहत निघाला, असं पलीकडचा पानवाला सांगे. अंगावरचा सदरासुद्धा सापडला नाही.

मग पूल झाला. बेट महानगरपालिकेत गेलं, पंचायत जाऊन वॉर्ड आला, नावा सरपणात गेल्या. बाईंची तेवढी घाटाला बांधलेली राहिली. आणि एक दिवस पालिकेचा माणूस पुराच्या भिंतीचं सांगायला आला.

"माजी, अहीं हवे दीवाल आवशे. पूरनी."

"बांध ना बापा. दार तेवढं ठेव."

"दरवाजो? कोना माटे?"

दार कुणासाठी, ते बाईंना ठाऊक होतं. त्या रात्री त्यांना झोप नाही. भिंतीचं काही नव्हतं. भिंतीपलीकडून हाक आली आणि आपण नसलो, तर ओ कोण देणार?

दुसऱ्या दिवशी मी त्यांना त्याच साहेबाची नक्कल करून दाखवली, पोट पुढे, पान गालात. बाई पदरात तोंड घालून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "सगळ्यांच्या नकला काढस. मना सुपडूची काढ."

"आजी, नको."

"भ्यायलीस? पैज लाव. पलीकडे जाऊन हाक मार. मी फसून नाव सोडली, तर उद्यापासून घाटावर येणार नाही. नाही सोडली, तर माझ्यामागं ओ तू द्यायची."

नकलेत मी कधी हरले नव्हते. सुपडूचा तो नाकातला, ओढलेला 'वं' बाईंच्या तोंडून ऐकून ऐकून मला पाठ होता. पुलावरून पलीकडे गेले, पूर्वी नाव लागायची तिथे उभी राहिले. अंधारू लागलं. "माय वं!" माझाच आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

बाई उभ्या राहिल्या. हात दोराकडे गेला. मी आणखी दोन हाका दिल्या, घरच्यांनी शिकवल्यासारख्या, आणखी गोड, आणखी सुपडूच्या.

बाई खाली बसल्या.

धावत परत आले तेव्हा दोर अजून त्यांच्या हातात होता. "एकदाच मारून थांबली असतीस, तर सोडली असती वं नाव," त्या म्हणाल्या. "तीनदा माणूस मारतं, पोरी. तो आता एकदाच मारेल."

भिंत झाली, दार ठेवलं नाही. बाईही गेल्या. पुलावर बसचा कंडक्टर लोकांना मागे सरकवत ओरडतो, "पाछळ जाओ, पाछळ!" आणि दिवेलागणीला भिंतीशी उभी राहून मी हरलेली पैज चुकती करते. ओ देते. त्यांच्याच आवाजात.