दोरीबाईंचं ‘आपलं’

आमच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंना पोरं दोरीबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण बाईंना ते ठाऊक आहे आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवतो. मधली भिंत नावालाच, लाकडी फळ्यांची. त्यामुळे त्यांचा तास माझ्या पोरांनाही फुकटात मिळतो, आणि त्यावरून मी पुष्कळ चिडचिड केलेली आहे.

नावामागचं कारण साधं आहे. बाई एका जाड पेनाला चार दोऱ्या बांधतात, जमिनीवर मोठा कागद पसरतात आणि चार बाजूंना चार मुलं बसवतात. प्रत्येकाच्या हातात एक दोरी. पेनाला हात लावायचा नाही. एकाने ओढलं की दुसऱ्याने ढील द्यायची, नाहीतर पेन आडवं पडतं. सुरुवातीला घराचा बटाटा होतो. “अगं, सोड ना जरा!” “तूच ओढतोयस!” असा कालवा चालतो. हळूहळू आवाज उतरतात आणि कागदावर घरासारखं काहीतरी उभं राहतं.

चित्राखाली नाव मात्र कोणाचंच नाही. बाईंचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. जन्मभर दुसऱ्यांची नावं लिहिली, स्वतःचं एकदाही नाही. बाईंनी तोच हट्ट पुढे चालवला. “कोणाचं चित्र?” असं त्यांनी विचारलं की वर्गाने ओरडायचं, “आपलं!” जो ‘माझं’ म्हणेल त्याने सगळ्यांचे ब्रश धुवायचे.

यंदा मुख्याध्यापकांनी चौथीचा चित्रकलेचा तास काढून गणिताला, म्हणजे मला, द्यायचं ठरवलं. बाईंकडे तेवढा एकच वर्ग उरला होता. तो गेला की ग्रंथालयात बसून पुस्तकांना कव्हरं घालायची.

“एकदा येऊन बघा तरी, सर,” बाई म्हणाल्या.

ते आले. मीही दाराशी उभा राहिलो. मुलांनी झाड काढायला घेतलं होतं. सर हात मागे बांधून बघत राहिले, मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच वेळ. झाड झाल्यावर त्यांनी जवळच्या मुलीला विचारलं, “छान आहे गं. कोणाचं हे?”

“आपलं, सर!”

सर फुलले. त्यांना वाटलं, पोरगी अदबीनं ‘आपल्यासाठीच आहे’ म्हणतेय. “माझं? अरे वा!” म्हणत त्यांनी कागद उचलून गुंडाळलासुद्धा. जाताना म्हणाले, “तास चालू राहू दे, बाई.” मुलांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला हसू आवरेना.

चित्र सरांच्या खुर्चीमागे चौकटीत लागलं. खाली पट्टी: ‘मुख्याध्यापकांना सप्रेम भेट’.

पुढच्या तासाला भिंतीपलीकडून आवाजच येईना. मी फटीतून पाहिलं. दोऱ्या ढिल्या पडल्या होत्या, पेन लोळत होतं.

“कोणाचं चित्र?” बाईंनी विचारलं.

मुलं दोऱ्यांची टोकं बोटांना गुंडाळत बसली. शेवटी तीच मुलगी म्हणाली, “जो नेईल त्याचं.”

बाई तशाच उठल्या आणि तडक ऑफिसात गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं.

“सर, ती ‘आपलं’ म्हणाली ते आपल्या सगळ्यांचं, अशा अर्थानं.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तास वाचत होता म्हणून.”

सर हसले नाहीत. स्वतःचं हसं झालं की माणूस सहसा हसत नाही. बाईंनी चौकट भिंतीवरून काढली आणि वर्गात नेऊन ठेवली. आठवड्याच्या आत वेळापत्रक बदललं.

आता तो तास माझा आहे. पहिल्याच दिवशी, मी खडू हातात घेतला आणि त्या मुलीने विचारलं, “सर, बाई कुठे आहेत?”

“ग्रंथालयात.”

“आमच्यामुळे?”

“तुमच्यासाठी,” मी म्हणालो, आणि फळ्याकडे वळलो.