तपासणीआधी धुतलेले पाय

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते गिरीज गावच्या माझ्या मामांचं. दहावीनंतर वडील मला कामाला लावणार होते. मामांनी मला आपल्या घरी आणलं, कॉलेजात घातलं, आणि वाडीत माणसं कमी असली तरी केळीला पाणी सोडायला कधी पहाटे उठवलं नाही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आज मुंबईत एका संशोधन विभागाच्या प्रयोगशाळेत काम करतो.

मधुमेहाने मामांच्या उजव्या पायाचा रक्तपुरवठा जवळजवळ बंद पडला होता. शस्त्रक्रिया करावी अशी शीरच उरली नव्हती. आमच्याकडे तेव्हा जनुक उपचाराचा अभ्यास चालू होता. पोटरीत इंजेक्शनने एक जनुक सोडायचं. त्याने तिथे नव्या, बारीक रक्तवाहिन्या फुटतील अशी आशा.

"केळीला पिलं फुटतात तशा?" मामांनी विचारलं.

"तशाच. फुटल्या तर."

त्यांनी बिडी सोडली. डॉक्टरांनी तपासणीला बोलावलं.

आदल्या दिवशी मामा न्हाणीत बसून गरम पाण्यात वजरीने पाय घासत राहिले. जन्मभर वाडीत अनवाणी फिरलेले पाय; टाचांत माती मुरलेली.

"नवरदेव, पुरे आता! मुंडावळ्या आणू का?" मामी म्हणाली.

"अगं, भाच्याचे साहेब पाय हातात घेणार. असे कसे दाखवू?"

पाय बधिर होता. कातडी सोलली तरी त्यांना कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, आधी ही जखम भरू दे, मग अभ्यासात घेऊ. पण जिथे रक्तच पोचत नाही, तिथली जखम भरणार कशी? ती चिघळली, आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

त्यानंतर मामा माझा फोन घेईनात. मामी म्हणाली, "माझ्यामुळे साहेबांपुढे पोराची मान खाली गेली, एवढंच धरून बसलेत."

म्हणून मी पत्र पाठवलं:

"मामा, तुम्हाला आणि मामीला नमस्कार. माझी मान खाली गेलेली नाही. डॉक्टर अजून तुमची विचारपूस करतात. इंजेक्शनने पाय वाचलाच असता, असं मी म्हणणार नाही. अभ्यासात तुलनेसाठी काहींना औषधाऐवजी नुसतं मिठाचं पाणी टोचतात; कुणाला काय मिळालं, हे आम्हालाही कळत नाही. पण तुम्हाला ती संधी मिळायला हवी होती, ही रुखरुख माझ्या मनातून जाणार नाही. रविवारी येतो. बोलला नाहीत तरी चालेल. ओट्यावर तुमच्या शेजारी बसेन. तुमचा भाचा."