चकलांब्याच्या बसमध्ये बसले तेव्हा

एकाच ब्लाऊजला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या, त्या दिवशी मी देवाशी भांडले. नेकनूरमध्ये पंचवीस वर्षं शिलाईकाम करते. गावातल्या निम्म्या बायकांची मापं मला तोंडपाठ होती. मग स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाले, सगळे म्हणाले, सुटलीस. पण डोक्यावर केस परत यायला लागले आणि डोक्यातले शब्द जायला लागले. कात्री हातात धरून कात्री शोधायची. 'अस्तर' हा शब्द आठवेना म्हणून गिऱ्हाइकासमोर नुसते हात हलवायचे. आमचे हे म्हणायचे, "वय झालं आपलं." मी मात्र आतून घाबरले होते. देवघरातल्या महादेवाला सरळ विचारलं, "छाती घेतलीस, आता डोकंही न्यायचंय का?" त्यानंतर कितीतरी दिवस दिवा लावताना मी त्याच्याकडे नीट बघितलंही नाही.

एका सोमवारी तपासणीसाठी एकटीच बीडला गेले. रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरांना विसरण्याचं विचारायचं ठरवलं होतं, तेच विचारायचं विसरले. बसस्थानकावर समोर उभी होती त्या बसमध्ये बसले. कंडक्टरनं "कुठं?" म्हणून विचारलं आणि माझ्या गावाचं नाव तोंडात येईना. पुढच्या सीटवरच्या बाईनं नुकतंच "चकलांबा" म्हटलं होतं. गडबडीत मीही तेच म्हटलं.

उतरले तेव्हा कळलं, हे आपलं गाव नव्हे. यांना फोन लावावा म्हटलं, तर मोबाईल उघडायचा पॅटर्नच आठवेना. चार वेळा चुकला. मी तिथंच पारावर बसून रडायला लागले.

"कावून रडतीस गं?" पुढच्या सीटवरची तीच बाई परत आली होती. साठीची, रापलेली, हातात पिशवी. तिनं माझे बोटभर वाढलेले केस बघितले, ऑपरेशनपासून सुजलेला हात बघितला आणि शेजारी बसत हळूच विचारलं, "कंच्या बाजूचं काढलं?"

"उजव्या."

"माजं डाव्या. चार वर्सं झाली."

गयाबाई तिचं नाव. जन्म ऊसतोडीत गेलेला. गावाचं नाव, मोबाईलचा पॅटर्न, कसं सगळं डोक्यातून जातं ते मी तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला कोयता म्हनायला येत नव्हतं. 'ते कापायचं आना' म्हनायची मी. घरचे लई हसायचे. डाक्टरनी सांगितलं, त्या औषदानं हुतं, लई जनींना हुतं. तू येडी न्हाई झालीस बाई, दमलीस." मग मोबाईल माझ्या हातात ठेवून म्हणाली, "डोळे मीट. देवाचं नाव घे अन् बोटाला करू दी. माजा हात कोयता कदी इसरला न्हाई."

मी डोळे मिटले. इतक्या दिवसांनी महादेवाचं नाव घेतलं. आठवायचं सोडून दिलं. बोट आपोआप फिरलं आणि मोबाईल उघडला.

"चकलांब्याला?" हे पलीकडून ओरडले. "तिथं आपलं कोण आहे?"

"आता आहे," मी म्हटलं.

परतीच्या बसला दोन तास होते. गयाबाईनं मला घरी नेलं, गरम पिठलं-भाकरी वाढली. दुसरी भाकरी मोडताना एकदम आठवलं, आज सोमवार, माझा उपास! कित्येक वर्षांत न मोडलेला. मी घास हातात धरून तशीच बसले. गयाबाई पोट धरून हसली. "खा गं. त्यानंच धाडलं तुला हितं, मग उपाशी ठिवील व्हय?" मलाही हसू आवरेना. आजारपणानंतर इतकी पहिल्यांदाच हसले.

पुढच्या तपासणीला मी प्रश्न तळहातावर लिहून नेला. डॉक्टर म्हणाले, आजार, औषधं, मोडलेली झोप, काळजी या सगळ्यांनी मेंदू मंदावतो, पुष्कळजणींचा हळूहळू सावरतो. त्यांनी रक्त तपासलं, रोज चालायला सांगितलं, एका वेळी एकच काम करायला सांगितलं. आता मापं वहीत लिहिते. शब्द अजून कधीकधी निसटतात. पण मशीनवर बसले की पाय आणि हात आपलं काम बरोबर करतात.

ती बाई त्याच बसमध्ये माझ्या पुढं कशी बसली, याचा मी हिशेब लावत नाही. देवाचे आभार मानते आणि गयाबाईला फोन करते. परवा आमच्या महादेवाच्या देवळात आरतीच्या मधेच माझे शब्द गेले. पूर्वी घाम फुटला असता. मी नुसत्या टाळ्या वाजवत राहिले. सगळ्यांचा आवाज मला बरोबर घेऊन पुढं गेला, आणि पुढचं कडवं आलं तेव्हा मीही गात होते.